चाळीस टक्के कशाचे?

"आधी आमच्या प्राध्यापकांना संगणक नीट हाताळता येऊ द्या, कोर्सच्या रचनेचं मग बघू." ब्लेंडेड, म्हणजे थोडं वर्गात आणि थोडं ऑनलाइन अशा मिश्र अध्यापनाच्या प्रशिक्षणाचा विषय निघाला की हिंगोलीसारख्या जिल्ह्यात हे वाक्य कुणीतरी बोलतंच. बोलणारा बहुधा हितचिंतक असतो. आवाजात काळजी असते, समोरच्या माना डोलतात, आणि मग कार्यशाळा ठरते ती अशी: पहिल्या दिवशी गूगल क्लासरूम, दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कसा रेकॉर्ड करायचा, तिसऱ्या दिवशी ऑनलाइन क्विझ, चौथ्या दिवशी कॉपीराइट, पाचव्या दिवशी समारोप. रचना नावाची गोष्ट बीजभाषणात येऊन जाते. हा क्रमच उलटा आहे, असं माझं म्हणणं आहे. साधनं आधी आणि रचना मग, या हिशेबाने घेतलेल्या कार्यशाळांतून एकही कोर्स बदलत नाही.

मुळात साधनं येत नाहीत, हे तरी खरं आहे का? हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा या पाच तालुक्यांत आज असा प्राध्यापक शोधून दाखवा ज्याच्या फोनमध्ये वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप नाही. २०२०च्या मार्चनंतर नोट्सच्या पीडीएफ, गूगल फॉर्म, मीटवरचे तास हे सगळं लोक शिकले. नाइलाजाने शिकले, कुणी स्वतःच्या मुलाकडून शिकले, पण शिकले. त्या उन्हाळ्यात तर राज्यभर वेबिनारचं पीक आलं होतं. सकाळी एका महाविद्यालयाचं, दुपारी दुसऱ्याचं, शेवटी क्विझ सोडवली की ई-प्रमाणपत्र मेलवर हजर. एवढ्या मशागतीनंतरही साधनंच आडवी येत असतील, तर साधनं शिकवण्याच्या पद्धतीवर शंका घ्यायला हवी.

अडतं दुसरीकडे. आपल्या पेपरातला कुठला भाग वर्गातच व्हायला हवा आणि कुठला वर्गाबाहेर गेला तरी चालेल, हा निर्णय घ्यायला आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. कार्यशाळा संपवून आलेल्या कुठल्याही सहकाऱ्याला एकच प्रश्न विचारून पाहा: तुम्ही तुमच्या पेपरातला कुठला तास काढून टाकला, आणि त्याच्या जागी काय आलं? उत्तर येत नाही. व्हिडिओ तयार असतो, क्लासरूमचा कोड तयार असतो, आणि वेळापत्रकातले तास जसेच्या तसे असतात.

याला आणखी एक कारण आहे, आणि ते वरून आलेलं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२१मध्ये ब्लेंडेड अध्यापनावर संकल्पना-टिपण काढलं. टिपण बरंच मोठं आहे. विद्यार्थ्याने आधी घरी वाचून-पाहून यावं आणि वर्गाचा वेळ चर्चेला, उदाहरणांना द्यावा, हा विचारही त्यात आहे. पण सगळ्यांच्या लक्षात राहिला तो आकडा: कोर्सचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन, बाकी प्रत्यक्ष. आकडा हाती लागला की आपल्याकडे लगेच भागाकार सुरू होतो. चार श्रेयांकांचा पेपर, श्रेयांकाला १५ तास, एकूण ६०, त्याचे ४० टक्के म्हणजे २४. मग शेवटची दोन युनिटं ऑनलाइन. शेवटचीच का, हे वेगळं सांगायला नको. परीक्षा तोंडावर आली की तीच राहिलेली असतात. म्हणजे जे शिकवून होत नाही त्याला ऑनलाइन म्हणायचं, आणि त्याला धोरणाचा आधार आहेच.

हे ४० टक्के नेमके कशाचे? युनिटांचे, की विद्यार्थ्याने करायच्या कामाचे? युनिटांचे म्हटलं तर कोर्सचे दोन तुकडे होतात आणि दुसऱ्याला वाली उरत नाही. कामाचे म्हटलं तर प्रत्येक आठवड्यात थोडं बाहेर, थोडं आत अशी वीण घालावी लागते, आणि ती ज्याला घालायची त्याला आपला विषय कुठे अडतो ते ठाऊक असावं लागतं. आमच्या कार्यशाळा पहिला अर्थ गृहीत धरतात, आणि त्यांच्यावरची माझी मुख्य तक्रार हीच आहे.

"संशोधनानेच सिद्ध झालंय की ब्लेंडेड पद्धत अधिक परिणामकारक आहे" ही स्लाइड तर प्रत्येक बीजभाषणात असते. ज्या अभ्यासाचा आधार यासाठी बहुतेक वेळा घेतला जातो तो अमेरिकेच्या शिक्षण खात्यासाठी झालेला, २००९ साली प्रसिद्ध झालेला एकत्रित आढावा. मिश्र पद्धतीने शिकलेल्यांची कामगिरी निव्वळ वर्गात शिकलेल्यांपेक्षा सरस दिसली, हे त्यात आहेच. पण त्याच लेखकांनी एक इशाराही दिला आहे: मिश्र पद्धतीच्या वर्गांना पुष्कळदा अभ्यासाचा वेळ जास्त मिळाला होता, साहित्यही जास्त मिळालं होतं, त्यामुळे श्रेय माध्यमाला देता येत नाही. स्लाइडवर निष्कर्ष येतो, इशारा गळतो. विद्यार्थ्याला अभ्यासाचा वेळ वाढवून देणारी रचना हवी, एवढाच त्या अभ्यासाचा आपल्यासाठी अर्थ, आणि व्हिडिओ एडिटिंगच्या सत्राला त्यातून काहीही टेकू मिळत नाही.

उलट रचनेशिवाय साधनं आली की काय होतं, याला विस्कॉन्सिन-मिलवॉकी विद्यापीठात प्राध्यापकांना या पद्धतीचं प्रशिक्षण देणाऱ्यांनी एक नाव ठेवलं आहे: दीड कोर्सचा रोग. जुनं काही काढायचं नाही, नवं तेवढं वर चढवायचं. प्राध्यापकाचं काम दीडपट, विद्यार्थ्याचं दीडपट, आणि दोघेही महिन्याभरात ऑनलाइन भाग सोडून देतात. आपल्याकडे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन आहे. त्यावर हे अर्धं ओझं कुणी आणि कधी वाहायचं, हा प्रश्न कार्यशाळेच्या कार्यक्रमपत्रिकेत कधी आलेला मला आठवत नाही.

इथे नियोजकांचं उत्तर ठरलेलं असतं: "आमचे हात बांधलेले आहेत. कॅससाठी, म्हणजे पदोन्नतीसाठी, लोकांना आठवड्याच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र लागतं, नॅकच्या मूल्यांकनात सहाव्या निकषात किती जणांनी एफडीपी केली ते दाखवावं लागतं." यातलं वास्तव मी नाकारत नाही. प्रमाणपत्र हवं असणं हा गुन्हाही नाही. पदोन्नती हक्काची आहे. पण नियम वाचले आहेत का? अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत सुरुवातीच्या पदोन्नतीसाठी आठवड्याच्या, म्हणजे किमान पाच दिवसांच्या, कार्यशाळा मोजल्या जातात. त्याच यादीत मूक्स कोर्स पूर्ण करणंही आहे आणि चार भागांतलं ई-साहित्य तयार करणंही आहे. म्हणजे काहीतरी घडवून दाखवणाऱ्याला नियमाने जागा ठेवली आहे. ती जागा सोडून आपण रांगेत बसून ऐकणाऱ्याचीच सोय करतो, कारण ऐकणाऱ्यांची मोजदाद सोपी असते. मीटवर ऐंशी चौकोन, त्यातले सत्तर काळे, चॅटमध्ये शुभ सकाळची रांग, आणि साडेचारला फीडबॅकची लिंक पडली की एकाएकी सगळे जागे. जिओटॅग फोटो झाला, अहवाल झाला. अकॅडमिक स्टाफ कॉलेज, मग एचआरडीसी, २०२३पासून मालवीय मिशन अशी प्रशिक्षण केंद्रांवरची पाटी बदलत गेली, पण हा साडेचारचा क्षण काही बदलला नाही.

औंढ्याच्या भूमीत तरी आपण कच्च्या मडक्याची गोष्ट विसरायला नको होती. नरसीच्या नामदेवांना संतमंडळींत गोरोबाकाकांनी थापटून पाहिलं, कच्चं ठरवलं, आणि मग नामदेव औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे आले, अशी आख्यायिका आहे. ज्याचं नाव झालेलं आहे त्यालाही थापटून पाहायची सोय त्या परंपरेत होती. आमच्या कार्यशाळेत ती नाही; तिथे सगळी मडकी उद्घाटनालाच भाजून निघालेली असतात.

आता दुसऱ्या बाजूचा आक्षेप. तो हितचिंतकांचा नाही, वैतागलेल्यांचा आहे, आणि मला तो जास्त गंभीर वाटतो: "इथे नेट नाही, मुलं वर्गात येत नाहीत, हे सगळं पुण्या-मुंबईचं खूळ आहे." औंढा तालुक्यात लायगो-इंडियाचं केंद्र होऊ घातलं आहे. विश्वाच्या दुसऱ्या टोकाहून आलेली गुरुत्वीय लहर टिपायचा तो प्रकल्प, २०२३च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला २,६०० कोटी मंजूर केले. त्याच तालुक्यातल्या मुलीला दहा मिनिटांची फीत उघडत नाही, हे चालवून का घ्यायचं? पण तेवढ्यावर आक्षेप खोडता येत नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात कधीही इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३८ टक्के आणि पुरुष ६१.५ टक्के होते, खेड्यांत त्याहून कमी. २०११च्या जनगणनेत हिंगोलीची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास होती आणि त्यातले शेकडा ८५ खेड्यांत. फोन घरात एक, तो भावाकडे. हे माहीत असून रात्री आठला लाइव्ह तास ठेवणारा प्राध्यापक आणि असा तास ठेवायला शिकवणारी कार्यशाळा, दोघेही दोषी आहेत.

पण मुलं वर्गात येत नाहीत, या त्यांच्याच मुद्द्यातून मी उलटा निष्कर्ष काढतो. सोयाबीनची काढणी आली की ऑक्टोबरात वर्ग ओस पडतात. हळद काढणं, शिजवणं, वाळवणं सुरू झालं की फेब्रुवारी-मार्चात पुन्हा तेच. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास फुकट असतो, पुढे तो खर्च घरावर येतो, आणि गावाची गाडी दुपारीच सुटत असेल तर चौथा तास कुणासाठी घ्यायचा? रोज, अखंड, साठच्या साठ तास हजर असणारा विद्यार्थी गृहीत धरून आखलेला कोर्स इथे कधीच चालत नव्हता. आपण हजेरीपटावर तो चालवत होतो. ज्याला आठवड्यातून तीनच दिवस येता येतं त्याच्यासाठी ते तीन दिवस कशासाठी राखायचे, हे ठरवणं म्हणजेच ब्लेंडेड रचना. तिची गरज पुण्यापेक्षा सेनगावला जास्त आहे.

आणि तिला नेट लागतंच असं कुणी सांगितलं? १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं, राम ताकवले पहिले कुलगुरू. तेव्हा इंटरनेट नव्हतं. स्वतः वाचून शिकता येईल असं लिहिलेलं पुस्तक, मध्येच थांबवून विचारलेले प्रश्न, पडताळून पाहायला उत्तरं, आणि ठरल्या दिवशी अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्र. एकट्याने काय करायचं आणि माणसासमोर काय करायचं याची वाटणी मराठीत, कागदावर झालेली होती. तिथली सगळी संपर्कसत्रं आदर्श झाली असं मी म्हणत नाही. अनेक केंद्रांवर ती सह्यांपुरती उरली, हे सगळ्यांना माहीत आहे. पण रचनेचं कसब साधनांच्या आधी येऊ शकतं, याचा हा पुरावा आपल्याच राज्यात उभा आहे. "आधी संगणक" म्हणणाऱ्यांनी त्याचं उत्तर द्यावं.

साधनं मुबलक असतानाही शहाण्यांनी काय केलं, तेही पाहावं. आयआयटी मुंबईत प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने देशभरातल्या हजारो अभियांत्रिकी शिक्षकांसाठी कार्यशाळा झाल्या, 'टॉक टू टेन थाउजंड टीचर्स' या नावाने. व्याख्यान पवईहून थेट यायचं, पण शिक्षक घरी बसून ते ऐकत नसत. जवळच्या दूरस्थ केंद्रावर जमत, दुपारी तिथेच प्रयोगशाळेत काम करत, आणि त्या केंद्राचा समन्वयक आधी आयआयटीत जाऊन तयार होऊन आलेला असे. जे एका ठिकाणाहून सगळ्यांना पोचवता येतं ते तारेवरून, आणि जिथे माणूस अडतो तिथे शेजारी माणूस. प्रशिक्षणाची रचनाच मिश्र होती. अमेरिकेत सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठानेही हेच धोरण ठेवलं: मिश्र कोर्स शिकवू पाहणाऱ्या प्राध्यापकाने आधी मिश्र कोर्समध्ये विद्यार्थी म्हणून बसायचं. कुठली सूचना कळत नाही आणि कुठल्या आठवड्यात कंटाळा येतो, ते अंगावर आल्याशिवाय समजत नाही. आपण मात्र वर्गातल्या वेळाचं मोल सलग पाच दिवसांच्या व्याख्यानांतून समजावतो.

मग करायचं काय, याचं उदाहरण वाणिज्य शाखेतून देतो. बी.कॉम.चं पहिलं वर्ष, पुस्तपालन. नावे-जमाचे नियम, रोजकीर्द, खतावणी. नियम सांगायला वर्ग लागत नाही. आठ मिनिटांची ध्वनिफीत आणि दोन पानांचा कागद पुरतो. फीत व्हॉट्सअ‍ॅपवर जाते, कागद झेरॉक्सच्या दुकानात ठेवता येतो. वर्गात काय? वसमतच्या बाजारात हळद विकून आलेल्या शेतकऱ्याच्या घरी हिशेबपट्टी असते. कांडी किती, गट्टू किती, वजन, क्विंटलचा भाव, हमाली, तोलाई, आणि खाली वजा केलेली उचल. तीन-तीन मुलांना एक पट्टी द्यायची आणि नोंदी करायला सांगायचं. पोरं उचलीपाशी हमखास अडतात. आडत्याच्या वहीत ती येणं आहे, बापाच्या वहीत देणं. एकच रक्कम दोन वह्यांत दोन बाजूंना कशी जाते, हे फीत ऐकून डोक्यात शिरत नाही. शेजारच्याशी भांडावं लागतं, वही हिसकावून घ्यावी लागते. हा तास राखायचा. नियम सांगण्याचे तास काढून टाकायचे.

आता या एका तासासाठी किती गोष्टी ठरवाव्या लागल्या ते पाहा. पट्टीवरचं नाव झाकायचं, कारण कुणाच्या घरची उचल वर्गापुढे उघडी पडता कामा नये. ज्याच्या घरी शेतीच नाही त्याला किराणा दुकानाची उधारीची वही द्यायची. फीत न ऐकता आलेल्याला बाहेर न काढता कोपऱ्यात कागद वाचायला बसवायचं. शेवटी एक नोंद प्रत्येकाने एकट्याने करून द्यायची, तिला अंतर्गत गुण. यातली एकही गोष्ट गूगल क्लासरूमच्या सत्रात येत नाही. ती येते तेव्हा, जेव्हा पुस्तपालन शिकवणारे पाच-सहा जण आपापला अभ्यासक्रम आणि मागच्या वर्षीची उत्तरपत्रिका पुढ्यात घेऊन बसतात.

पण तसे पाच-सहा जण एका महाविद्यालयात नसतात. विषयाला एकच माणूस, ही आमच्याकडची रीत. म्हणून कार्यशाळा महाविद्यालयनिहाय घेण्यात अर्थ नाही. जिल्ह्यातल्या एका विषयाच्या लोकांची एकत्र घ्यावी. सत्र सुरू होताना एक दिवस भेटायचं आणि प्रत्येकाने एकाच पेपरातले दोनच आठवडे नव्याने बांधायचे. मग वर्गात करून पाहायचं, मध्ये एकदा एकमेकांच्या तासाला जाऊन बसायचं, आणि दिवाळीच्या सुट्टीआधी पुन्हा जमून काय फसलं ते मांडायचं. क्विझ कशी बनवायची, आवाज कसा स्वच्छ करायचा हे ज्याला जेव्हा लागेल तेव्हा शेजारचा वीस मिनिटांत दाखवतो. साधनांचं प्रशिक्षण एवढंच, आणि ते पुरतं.

"विद्यापीठाची लेखी परीक्षा जुनीच राहिली तर हे कोण करील?" या आक्षेपापुढे मी थोडा नमतो. प्रश्नपत्रिका पाठांतर मागत असेल तर मुलं पाठांतरच करणार आणि हिशेबपट्टीचा तास त्यांना करमणूक वाटणार. अभ्यासमंडळांनी प्रश्नांचा बाज बदलल्याशिवाय हे फार पुढे जाणार नाही. तरी अंतर्गत गुण आपल्या हातात आहेत, आणि तेही आपण आज एका चाचणीवर आणि एका उतरवून काढलेल्या स्वाध्यायावर उधळतो.

एक गोष्ट मात्र सगळेच आक्षेपक टाळतात, हितचिंतकही आणि वैतागलेलेही. वर्गात उभं कोण असतं? बऱ्याच ठिकाणी तासिका तत्त्वावरचा, सीएचबीचा माणूस. त्याला कॅस नाही, कर्तव्यरजा नाही. घेतलेल्या तासाचे पैसे, तेही महिनोन्‌महिने थकून. ज्या रचनेत तास काढून टाकायचा आहे, तिच्यात त्याची मजुरी कापली जाते. कोर्स नव्याने बांधायला जे दिवस लागतात त्यांचा मोबदला त्याला कुणी देत नाही. त्याला कार्यशाळेला बोलावलंच तर तो ई-प्रमाणपत्र घेऊन जाईल आणि सोमवारी होते तेवढे तास घेईल, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. एकीकडे त्याच कार्यशाळेच्या अंदाजपत्रकात फलक, शाल-श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञाच्या प्रवासाचे रकाने भरलेले असतात. ते निम्मे केले तरी डझनभर सीएचबी शिक्षकांना दोन आठवड्यांच्या रचनेच्या कामाचं मानधन निघेल. ऑनलाइन भागासाठी राखलेले तास त्यांच्या देयकात धरावेत, असा ठराव प्राचार्यांनी याच वर्षी विद्यापीठाकडे आणि सहसंचालकांकडे पाठवावा. तो फेटाळला गेला तर कुणी, कुठल्या तारखेला आणि काय शेरा मारून फेटाळला, ते पुढच्या कार्यशाळेच्या पहिल्या सत्रात, बीजभाषणाच्या वेळेत, वाचून दाखवावं.